22 नंबरची झोप

गेल्या वर्षी माझ्या वर्गात 52 मुलं होती. नववी क. मुंबईतल्या मराठी शाळेत 'क' तुकडी अजून शिल्लक आहे हीच हल्ली बातमी असते. दरवर्षी संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरण्याचे दिवस आले की आम्ही शिक्षक धास्तावून पट मोजत बसतो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे शाळेविषयी दोन कडू शब्द येणार आहेत आणि निवृत्तीला मला अजून आठ वर्षं आहेत. मुलांची नावंही नाहीत. हजेरीपटावरचे नंबर सांगते, तेवढे पुरेत.

22 नंबर पहिल्या तासाला झोपायचा. डुलकी वगैरे नाही, झोप. सकाळची पाळी, 7 वाजून 10 मिनिटांनी पहिला तास, आणि तो गणिताचा, म्हणजे माझा. हा खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर डावा हात कपाळाला लावून, उजव्या हातात पेन धरून वहीवर वाकलेला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मुलगा प्रमेय लिहितोय. जवळ गेल्यावर कळायचं की पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका पसरत पसरत पानामागे गेलाय. पहिल्या घटक चाचणीत 20 पैकी 3. सोमवारी तर गैरहजरच. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की रविवारी दिवसभर क्रिकेट खेळून दमत असणार.

शिक्षक असं फार पटकन ठरवतो. 24 वर्षं शिकवल्यावर तर आणखी पटकन.

स्टाफरूममध्ये नववीबद्दल एकच वाक्य फिरत असतं, 'यांच्यात इच्छाच नाही.' पालकसभेत तेच वाक्य 'मोबाईल'ने सुरू होतं. मोबाईलचं मी नाकारत नाही, पण ही मुलं मोबाईलवर आपण होऊन गेली नव्हती. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही बॅच पाचवीत होती. सहावी पूर्ण फोनवर. परत वर्गात बसली तेव्हा सातवीचं अर्धं वर्ष सरलं होतं. छेद वेगवेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज, भागाकार, दशांश चिन्ह कुठे द्यायचं, सगळं नेमकं त्या भोकात पडलेलं. आठवीपर्यंत कुणी अडवलं नाही. नववीत आल्या आल्या वास्तव संख्या, बहुपदी, त्रिकोणमिती. मुलाला पहिल्यांदा कळतं की आपण एका धड्यात नाही, चार वर्षांनी मागे आहोत. आता हे तो सांगणार कुणाला? झोप आलीय असं दाखवणं त्यापेक्षा सोपं.

22 नंबरची झोप मात्र खरी होती. ते मला कळलं हरतालिकेच्या पहाटे.

फुलं आणि पत्री घ्यायला मी साडेपाचला दादरच्या फुलबाजारात गेले होते. गणपतीच्या आदल्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. झेंडूच्या गोण्या, ओल्या गोणपाटाचा वास, डोक्यावर हारे घेऊन 'बाजू बाजू' करत धावणारी माणसं. एका कडेला निळ्या प्लास्टिकवर हा बसलेला. मांडीवर शेवंतीचा ढीग, आणि शाळेच्या पँटवर घरचा टी-शर्ट. एका बाईला तो पावशेराचा भाव सांगत होता आणि त्याच वेळी दुसरीचे सुटे पैसे परत देत होता. हात इतका चालत होता की वर्गातला तो मुलगा हाच का, म्हणून मी दोनदा पाहिलं. त्याने मला बघितलं आणि मान खाली घातली. मी हसून हात केला. त्याने केला नाही.

घरी येऊन मी हजेरीचा कॅटलॉग काढला आणि भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून शेजारी ठेवलं. त्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणजे श्रावण दोन महिने. निज श्रावणातल्या चारही सोमवारी 22 नंबरपुढे गैरहजेरी. दोन शुक्रवारी गैरहजेरी. गोकुळाष्टमीला गैरहजेरी. क्रिकेट कुठेच नव्हतं. माझ्याच हातच्या लाल खुणा, माझ्याच भिंतीवरचं कॅलेंडर, आणि तीन महिने मला दिसलं नव्हतं.

आता माझी चूक सांगते. गणपतीच्या सुट्टीनंतर मी फार उत्साहात वर्गात गेले. प्रत्येक प्रशिक्षणात आम्हाला सांगतात, गणित जीवनाशी जोडा, मुलाचा अनुभव वर्गात आणा. मी फळ्यावर गणित घातलं, झेंडू 80 रुपये किलो, तर साडेतीनशे ग्रॅमचे किती? आणि वर म्हणाले, "हे 22 नंबरला विचारा, तो आपला तज्ज्ञ आहे, दादरला मी स्वतः पाहिलंय." मला वाटलं, मुलाची कॉलर ताठ होईल. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ए गजरा!" सगळा वर्ग हसला. तो उभाच राहिला नाही. उत्तर 28 रुपये, ते त्याला झोपेतही आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. आठ दिवस.

नवव्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. प्रभादेवी स्टेशनच्या जवळ, रुळांच्या बाजूची दहा बाय दहाची खोली. आई दारात बसून वेणी गुंफत होती. सुई थांबली नाही, तशीच गुंफत म्हणाली, "बाई, मी पाठवते हो. तो म्हणतो पोरं गजरा म्हणतात." त्यावर काय बोलायचं मला सुचेना. चहा आला. मग तो मला सोडायला जिन्यापर्यंत आला आणि पायऱ्यांवर थांबला. लोकल गेली, आवाज ओसरला, तेव्हा म्हणाला, "बाई, मला भागाकार येत नाही. लिहून येत नाही. तोंडाने येतो."

माझ्या नोकरीत इतकं खरं वाक्य मला फार कमी वेळा ऐकायला मिळालंय.

त्यानंतर आम्ही जे केलं ते गुपचूप केलं. त्यातलं गुपित हेच मला महत्त्वाचं वाटतं. पाचवीचं गणिताचं पुस्तक आणलं, त्याला खाकी कव्हर घातलं, लेबलवर लिहिलं 'इयत्ता नववी, गणित भाग 1'. शाळा सुटल्यावर 15 मिनिटं. मुलांना सांगितलं की प्रयोगशाळेतल्या काचा धुवायला मला मदतनीस हवाय. काचा खरंच धुतल्या, पाच मिनिटांत. उरलेली दहा मिनिटं अपूर्णांक.

या वेळी फुलांचं नाव मी काढलं नाही, त्यानेच काढलं. मी विचारलं होतं, अर्धा आणि पाव किती?

"काय, शेवंती?"

"बरं, शेवंती."

"पाऊण किलो."

"आता हेच वहीत लिही."

त्याने लिहिलं, 1/2 + 1/4 = 2/6. वरचे अंक वर मिळवले, खालचे खाली. नववीतली निदान वीस मुलं हेच करतात आणि आपण लाल फुली मारून पुढे जातो. मी फुली मारली नाही. म्हटलं, सहा वाटे केलेस, त्यातले दोन घेतलेस, किती झालं ते सांग. त्याने टेबलावर बोटाने रेघा ओढल्या. बराच वेळ लागला. मग म्हणाला, "तिसरा हिस्सा." पुन्हा थांबला. "म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी." आणि मग एकदम हसला. "बाई, तागडीत अर्धा किलो होताच. वर पाव टाकला आणि वजन कमी झालं? गिऱ्हाईक मारेल मला!"

वहीतला 1/4 आणि तागडीतला पाव एकच आहे, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी म्हणायचे. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. आम्ही हसायचो, म्हणायचो कुठल्या जमान्यातलं आहे हे. त्याची आई शाळेत फारशी गेलेली नाही, पण ती अजून तसाच हिशेब करते. मुलाच्या एका कानात ती पाऊणकी होती, दुसऱ्यात बालभारती, आणि मध्ये वाट नव्हती. आम्ही ती दहा दहा मिनिटांनी खणत होतो. दिवाळीनंतर तो छेद समान करायला लागला. नाताळपर्यंत भागाकार, बाकी शून्य येईपर्यंत. बहुपदी त्याला आजही नीट येत नाहीत, उगाच चमत्कार सांगत नाही.

झोपेचं काय करायचं हा प्रश्न वेगळा होता. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटायला लागतं, आणि गरज मात्र 8 ते 10 तासांची असते. हे जगभरच्या मुलांचं. आमच्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही बंद होतो अकराला, आणि बाजाराच्या दिवशी हा उठणार साडेतीनला. मोजा तुम्हीच. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, मुलांची झोप होत नाही म्हणून. आदेश चांगलाच आहे. पण सहा वर्षांचं पोर रात्री नऊला पेंगतं आणि सकाळी आपण होऊन उठून बसतं. ज्यांना खरोखर उठवत नाही ती नववी-दहावी सातलाच फाटकात उभी.

शाळेची वेळ बदलणं माझ्या हातात नव्हतं. वेळापत्रक थोडंसं होतं. शारीरिक शिक्षणाच्या सरांना गाठून म्हटलं, सोमवार आणि गुरुवारचा पहिला तास तुम्ही घ्या, मी तुमचा मधल्या सुट्टीनंतरचा घेते. सर म्हणाले, "सातला मैदान ओलं असतं." मग शनिवारचे त्यांचे दोन बदली तास मी घ्यायचे, यावर सौदा ठरला. पर्यवेक्षकांनी भुवया उंचावल्या. गणित हा ताज्या डोक्याने शिकायचा विषय आहे म्हणे. ताजं डोकं कुणाचं, ते मी विचारलं नाही. सोमवारी पहिल्या तासाला मैदानावर दोन फेऱ्या मारलेला वर्ग साडेदहाला माझ्यासमोर बसला, तेव्हा 22 नंबरच काय, ओळीत झोपणारे चौघं जागे होते. गुरुवार मुद्दाम मागून घेतला होता, मार्गशीर्ष येणार होता म्हणून.

डिसेंबरात शाळेने एका वक्त्यांना बोलावलं. विषय, 'ध्येय ठरवा, झपाटून जा'. सभागृहात नववी-दहावी, माईकची कुरकुर, वक्त्यांनी मुलांकडून 'मी करू शकतो' असं तीनदा ओरडून घेतलं. मुलं आनंदाने ओरडली, एक तास बुडाला होता ना. 22 नंबर खांबाला टेकून शांत झोपला होता. तो गुरुवार होता. मी कुणाला उठवू दिलं नाही.

या मुलांना झपाटून जायला शिकवावं लागतं हे मला पटत नाही. आमच्या भागातली मुलं जुलै-ऑगस्टमध्ये रात्री अकरापर्यंत गोविंदाच्या सरावाला जातात. सरकारने त्याला साहसी खेळाचा दर्जा दिला, त्याच्या कितीतरी आधीपासून जातात. पावसात, हजेरीपटाशिवाय. खालच्या थरातला एक जण नाही आला तर त्या रात्री थर लागत नाही, आणि ते त्याला माहीत असतं. माझ्या वर्गात 52 मधला एक नाही आला तर तास जास्त शांत होतो. तेही त्याला माहीत असतं.

म्हणूनच 'मुलांना जबाबदारी द्या' हा सल्ला मीही बरीच वर्षं देत आले. 41 नंबरने तो माझ्या घशात अडकवला.

41 नंबर मुलगी. हजेरी पूर्ण. वही अशी की प्रदर्शनात ठेवावी, समासाची रेघ सुद्धा पट्टीने. रोज फळ्यावर सुविचार लिहिण्याचं काम मी तिला दिलं होतं, कारण अक्षर मोत्यासारखं. त्यासाठी ती सर्वांच्या आधी यायची, खडू टोकदार करून घ्यायची. मला वाटायचं, ही रमली आहे, हिची काळजी नको. ती कधी झोपली नाही, कधी उलट बोलली नाही, काही विचारलं की मान हलवायची. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं होतं आणि त्यातलं तिला काहीही कळत नव्हतं. काचा धुवायला मी तिला कधी बोलावलं नाही, कारण तिने मला कधी त्रास दिला नाही. एवढंच कारण.

एप्रिलमध्ये पर्यवेक्षकांनी यादी आणली. नववीत लटकलेली पाच मुलं. दहावीचा निकाल 100 टक्के लागला की फाटकावर फलक लागतो, आणि त्या फलकाची तयारी नववीतच होते, हे कुठल्याही शाळेतला शिक्षक खाजगीत मान्य करेल. पालकांना बोलावून गोड शब्दांत सांगायचं की बाहेरून दहावीला बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म भरा, मुलावर ताण नको. कुणाच्या घरी आजार असतो, कुणाला काम करावं लागतं, त्यांच्यासाठी ती सोय फार मोलाची आहे. कुठल्यातरी कारणाने सुटलेली शाळा पुन्हा धरता यावी म्हणून ती आहे. शाळेने मूल सोडावं म्हणून नाही. हे मी त्या खोलीत बोलले. माझं बोलणं टिपून घेतलं गेलं आणि पुढचा विषय आला.

यादीत 22 नंबर नव्हता. त्याला गणितात 37 होते, म्हणजे पासाच्या रेषेच्या वर दोन. 41 नंबर होती. तिच्या वडिलांनी दाखला नेला, फारसं काही न विचारता. मुलगी दाराबाहेर उभी होती. मी बाहेर गेले तर म्हणाली, "बाई, उद्याचा सुविचार मी लिहून ठेवलाय वहीत. कुणाला देऊ?"

ती वही माझ्याकडे आहे.

पालक मला हल्ली विचारतात की मुलाला अभ्यासाची गोडी कशी लावू. गोडीचं मला काही माहीत नाही. मी म्हणते, आज किती मार्क मिळाले हे आठ दिवस विचारू नका. तो आंघोळीला गेला की त्याची वही उघडा आणि पहिली कोरी जागा कुठे सुटलीय ते बघा. नाहीतर 41 नंबरसारखी कुठेच सुटलेली नसेल, तर एक ओळ बोटाखाली झाकून विचारा, ही इथे कशी आली? आणि जे उत्तर येईल त्यावर ओरडू नका. एका बाईंनी हे केलं आणि मला फोनवर सांगितलं, "अहो, त्याला अजून घड्याळातलं पाऊण कळत नाही, आणि आम्ही त्याला कोडिंगचा क्लास लावलाय." त्या रडत होत्या की हसत होत्या कळलं नाही.

या जूनला शाळा उघडली. लहान वर्गांची वेळ आता नऊची, त्यामुळे फाटकावर सकाळची गर्दी निम्मी. मला यंदा दहावी दिलीय, तीच मुलं. पहिल्या दिवशी सातला 22 नंबर जिन्यात भेटला. उंच झालाय, मिशी फुटतेय. वेगळ्या तुकडीतून आलेली दोन मुलं बरोबर होती, त्यांच्यासमोर त्याने मला ओळख दाखवली नाही. दोन पायऱ्या पुढे जाऊन मागे वळला आणि हळूच म्हणाला, "बाई, यंदा पण काचा आहेत ना?"

"आहेत. बऱ्याच आहेत."

स्टाफरूममध्ये नवं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. दहावी क, सोमवार ते शुक्रवार, पहिला तास, गणित. पाचही दिवस. खाली पर्यवेक्षकांची सही. मी पर्स टेबलावर ठेवली आणि शारीरिक शिक्षणाच्या सरांना शोधायला मैदानावर गेले. पाऊस होता. सर छत्री घेऊन फाटकाशी उभे होते, मला येताना बघून त्यांनी लांबूनच मान हलवायला सुरुवात केली. "शनिवारचे तिन्ही तास," मी तिथूनच ओरडले.